ताम्हिणीच्या वाटेवर रानातला आलिशान मुक्काम बांधायचाय – जागेत मिसळेल असा कसा बांधावा?

पौडकर
नमस्कार मंडळी. मुळशी धरण मागे टाकून ताम्हिणीकडे निघालं की डाव्या हाताला आत एका वाडीच्या वर आमची साडेनऊ एकर वडिलोपार्जित जागा आहे. खाली दोन भातखाचरं, मधे जांभूळ-हिरडा-ऐनाचं दाट रान, वर उघडा सडा म्हणजे कातळाचं पठार आणि सड्याच्या टोकाला कडा. आजोबांनंतर तिथे कुणी काही केलं नाही. आता वहिनी आणि मी मिळून आठ खोल्यांचा एक मुक्काम उभा करायचं ठरवतोय, नावात ‘लॉज’ घालून. स्वस्तातलं रिसॉर्ट नको, डीजे नको, रेन डान्स नको. माणसं कमी, पैसे जास्त, रान आहे तसं.

आर्किटेक्टने दोन नकाशे दिलेत. पहिल्यात कड्याच्या टोकावर एक लांब इमारत आहे. सगळी पश्चिमेची भिंत काचेची, आणि दरीत सांडतोय असं वाटणारा पोहण्याचा तलाव. दुसऱ्यात आठ सुट्या खोल्या सड्यावर पसरलेल्या, भिंतींना मातकट रंग, छपरावर हिरवळ. त्यात एकही झाड तोडावं लागत नाही. वहिनींना पहिला आवडलाय, मला दुसरा. तुम्ही काय कराल?

गवतफूल
वाचतेय. विषय फार जवळचा आहे. सविस्तर रात्री लिहिते, तोवर एकच विनंती, सड्याला हात लावायची घाई करू नका.

सदाशिवपेठी
आधी नावातून ‘लॉज’ काढा. आपल्याकडे लॉज म्हटलं की एसटी स्टँडसमोरची पिवळ्या दिव्याची पाटी डोळ्यांपुढे येते. पंधरा हजार देऊन तिथे कोण येईल?

चिरेबंदी
पंचवीस वर्षं बांधकामात आहे, त्यातली निम्मी मावळ-मुळशीत गेली. दोन्ही नकाशे मार्चमध्ये काढलेत हे न विचारता सांगतो. मार्चमध्ये ती जागा वेगळी असते आणि जुलैमध्ये वेगळी.

पहिला नकाशा घ्या. घाटमाथ्याच्या कड्यावर पाऊस वरून पडत नाही, खालून येतो. कोकणातून वर चढणारा वारा पाणी उलटं फेकतो. नाणेघाटात धबधबा उलटा उडताना पाहिलाच असेल, तेच तुमच्या काचेच्या दारांना रोज होणार. उंबऱ्याच्या फटीतून, चौकटीच्या खालच्या पट्टीतून पाणी आत. सिलिकॉन भरून दोन पावसाळे निघतात, तिसऱ्याला गाद्या वाळत घालायची वेळ येते. ताम्हिणीच्या पट्ट्यात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. पुण्यात पडतो साधारण सातशे. पुण्यातल्या आर्किटेक्टचा हात पुण्याच्या पावसाला सरावलेला असतो, हा त्याचा दोष नाही, पण तुम्हाला तो भोवेल.

तुमच्या वाडीतली जुनी घरं बघून या. पश्चिमेला दार आहे का एकाचं तरी? छपराची वळचण किती खाली उतरलीय? पश्चिमेच्या भिंतीला पावसाळ्याआधी पेंढ्याचे झाप बांधतात ते का? सगळी उत्तरं तिथे आहेत.

मैत्रेयी_कोथरूड
चिरेबंदीकाका, पण मग कड्यावरून दरी बघायचीच नाही का? लोक त्यासाठीच येणार ना? मी तर खोलीतून दरी दिसत नसेल तर जाणार नाही.

चिरेबंदी
ताई, दरी बघायला दहा पावलं चालत गेलं तर बिघडतं का? टोकावर इमारत बांधली की तिथली दरी खोलीतल्या दोन माणसांची होते. टोक मोकळं ठेवलं तर ती सोळाही पाहुण्यांची राहते, आणि वाडीतल्या गुराख्याचीही.

नकाशेवाली
मी वास्तुरचनाकार आहे, त्यामुळे आर्किटेक्टवर सगळं खापर फुटायच्या आत लिहिते :)

काकांनी लिहिलंय त्याचं जगातलं सर्वांत चांगलं उदाहरण शेजारी श्रीलंकेत आहे. तिथले वास्तुरचनाकार जेफ्री बावा यांनी डंबुल्लाजवळ कंदलामा तलावाच्या काठी बांधलेलं हॉटेल १९९४ साली उघडलं. त्यांना आधी सिगिरियाच्या प्राचीन खडककिल्ल्यापाशी जागा देऊ केली होती. त्यांनी ती सोडून काही मैल लांबची डोंगरकड घेतली, म्हणजे सिगिरिया लांबून, तलावापलीकडे दिसेल. ज्या देखाव्यासाठी माणूस येतो त्याच्या डोक्यावर जाऊन बसायचं नाही. इमारत जवळजवळ एक किलोमीटर लांब आहे, पण कड्याला चिकटून, त्याच्या वळणाने जाते. खाली खांब, त्यामुळे डोंगरावरचं पाणी आणि जनावरं खालून निघून जातात. दर्शनी बाजूवर वेली सोडल्यात. आत शिरताना तुम्ही गुहेसारख्या बोळातून जाता, मूळ कातळ बाजूला तसाच उघडा दिसतो, आणि मग एकदम तलाव समोर येतो.

मी तिथे दोन दिवस राहिले होते. संध्याकाळी वटवाघळं निघाली तेव्हा आपण इमारतीत आहोत की कपारीत हे क्षणभर कळलं नाही. इतकी मोठी इमारत अशी नाहीशी होऊ शकते, तर तुमच्या आठ खोल्या नक्की होतील. आणि ती नाहीशी होते ती रंगाने नाही. मातकट रंगाने काही लपत नाही हो. डोळ्याला आधी आकार दिसतो आणि सावली दिसते. डोंगराच्या रेषेच्या वर आकाशात घुसलेलं छप्पर शेणाने सारवलं तरी दहा किलोमीटरवरून टोचतं.

रानवारा
नकाशेवाली +१. नॉर्वेतल्या वालडालमधलं युवेत हॉटेलही बघा. तिथे सुरुंग लावायचा नाही हे आधी ठरवलं आणि कातळात चाळीस मिलिमीटरच्या पोलादी कांब्या रोवून त्यावर खोल्या टेकवल्या. उद्या उचलून नेल्या तर कातळात फक्त भोकं राहतील. काच भरपूर आहे, पण तिथला पाऊस आपल्यासारखा अंगावर धावून येत नाही.

नकाशेवाली
अगदी. ती काच इथे उचलून आणायची नाही, तो निर्धार आणायचा.

गवतफूल
आता लिहिते. माझा विषय वनस्पतिशास्त्र, त्यातही सडे.

पौडकर, तुम्ही लिहिलंत की सड्यावर बांधलं तर एकही झाड तोडावं लागत नाही. हे वाक्य मी इतक्या प्रामाणिक माणसांकडून ऐकलंय की आता ते ऐकलं की पोटात खड्डा पडतो. सडा उघडा असतो, ओसाड नसतो. मे महिन्यात त्याच्याकडे पाहिलं तर काळा तापलेला दगड आणि करपलेलं गवत. पहिला पाऊस पडला की त्याच दगडाच्या चिरेत दीपकाडी उगवते, पांढऱ्याशुभ्र घंटांसारखी. मग जुलै-ऑगस्टमध्ये बोटभर पाण्याच्या डबक्यांत सीतेची आसवं. ती जांभळी फुलं दिसतात नाजूक, पण मुळांशी बारीक पिशव्या असतात आणि त्यात ती पाण्यातले सूक्ष्म जीव पकडतात, कारण कातळावरच्या मातीत नत्र नसतंच. मग गेंद, मग सोनकी. सैल दगड उचलाल तर खाली बेडकाची अंडी, विंचू, पाली, कधी बिनपायाचं, बेडकाच्या गोतातलं देवगांडूळ. कासचं पठार २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारसा यादीत गेलं ते असल्याच दगडासाठी.

ही सगळी सृष्टी चार-सहा इंच मातीवर आणि पाण्याच्या पातळ पापुद्र्यावर उभी असते. त्यावर खडी टाकून रस्ता केला की पाण्याची वाट मोडते आणि पलीकडची डबकी कोरडी पडतात. आणि छपरावर हिरवळ म्हणजे सड्याचं गवत काढून वर बाहेरचं लॉन लावायचं, त्याला एप्रिलमध्ये पाणी घालायचं. मला हे बघवत नाही.

पौडकर
गवतफूलताई, खरंच माहीत नव्हतं. लहानपणी मी त्या सड्यावर क्रिकेट खेळलोय, ती जांभळी फुलं पायाखाली घातलीत. मग बांधायचं कुठे? रानात झाडं, सड्यावर फुलं, कड्यावर पाऊस. खाचरं आईला मोडायची नाहीत.

मावळा_७१
मग बांधूच नका की. सह्याद्रीत आता एकही नवीन वीट नको असं माझं स्पष्ट मत आहे. पश्चिम घाटाच्या पर्यावरणासाठी नेमलेल्या गाडगीळ समितीने २०११ मध्ये हेच बजावलं होतं. श्रीमंत माणसाला एका रात्रीपुरतं जंगल दाखवण्यासाठी जंगल का हलवायचं?

वेल्हेकर_नाना
मावळादादा, कळकळ समजते, पण अहवालात सरसकट काही करू नका असं नव्हतं. कुठे किती संवेदनशील ते ठरवून गावाला विचारून पुढे जा असं होतं. आणि वाडीतल्या पोरांना पिरंगुटच्या कारखान्यात कंत्राटी काम सोडून दुसरं काय आहे? जागा बसून राहिली तर उद्या पौडकरांचे पुतणे प्लॉट पाडणाऱ्याला विकतील. मग आठ खोल्यांच्या जागी ऐंशी बंगले येतील. मी हे डोळ्यांनी पाहिलंय.

आमचीही चूक सांगतो. आमच्या डोंगरउतारावर दोन खोल्या बांधायला घेतल्या. कंत्राटदार म्हणाला, जेसीबीने दोन दिवसांत सपाटी करून देतो. दिली. बारा फूट उंचीचा उभा काप निघाला, खाली मुरूम, वर माती. समोर दगडी भिंत बांधली, मागे दगडाचा भराव घातला नाही, पाणी निघायला नळ्या ठेवल्या नाहीत. ऑगस्टमध्ये तीन दिवस झड लागली. चौथ्या पहाटे आवाज झाला, गोण्या ओतल्यासारखा. भिंत पोट काढून पुढे आली आणि आडवी झाली. आत कुणी झोपलेलं नव्हतं ही देवाची कृपा. मागे मातीत बघितलं तर तिथून एक झरा वाहत होता. आमच्या आजीला तो माहीत होता. आम्ही तिला विचारलंच नव्हतं.

चिरेबंदी
नाना, हे लिहिलंत ते फार बरं केलं. दरडी कोसळल्याच्या तारखा बघा. माळीण ३० जुलै २०१४, तळीये २२ जुलै २०२१, इर्शाळवाडी १९ जुलै २०२३. प्रत्येक ठिकाणची कारणं वेगळी, पण तारखांचा महिना बघा. जुलैअखेर डोंगर भिजून टम्म झालेला असतो. एकास पाचपेक्षा जास्त उतारावर बांधकाम करायचं नाही असा नियम आहे, म्हणजे साधारण अकरा अंश. नियमात बसतं म्हणून तेवढाही काप घेऊ नका. जमीन आहे तशी ठेवा, जोतं चढउतार करू द्या, खोली खांबांवर घ्या.

बेडूकराव
माझा मुद्दा रात्रीचा. तुमच्याकडे ऐन आणि जांभळं आहेत म्हणजे मेअखेर ते जूनच्या पहिल्या सरींपर्यंत काजवे असणारच. अख्खं झाड एका लयीत उजळतं आणि विझतं, ते बघायला पुण्यातून गाड्यांच्या रांगा लागतात. नर चमकून मादीला बोलावतो. बागेत दिवे लागले की ती त्याला ओळखत नाही. मग दोन-चार वर्षांत झाड काळं. अळ्या झाडाखालच्या ओल्या पाचोळ्यात राहतात, गोगलगाई खातात, तेव्हा पाचोळा झाडून आवार ‘स्वच्छ’ ठेवायचं नाही.

दिवे गुडघ्याच्या खाली, तोंड जमिनीकडे, रंग तांबूस-पिवळा, आणि काजव्यांच्या दिवसांत तेही बंद. पाहुण्याच्या हातात लाल काच लावलेला कंदील द्या.

आणि काच जिथे कुठे लावाल तिथे बाहेरून पाच-पाच सेंटीमीटरवर ठिपके काढा. काचेत झाडाचं प्रतिबिंब पडतं, पक्षी सरळ आत घुसायला जातो. आमच्या ऑफिसखाली सकाळी मेलेला तांबट मी स्वतः उचललाय. कपाळावरचा लाल ठिपका तसाच होता.

सदाशिवपेठी
बेडूकराव, टोपणनावाला जागलात.

मैत्रेयी_कोथरूड
पण मग आलिशान कशात? अंधार, कंदील, दरी बघायला चालत जायचं, तलाव नाही…

मुक्कामपोस्ट
मैत्रेयीताई, मी दहा वर्षं हॉटेल चालवलंय, म्हणून सांगते. पैसे देणारा पाहुणा तीन गोष्टी विसरत नाही, कोरडी ऊबदार गादी, न्हाणीघरात न थांबणारं गरम पाणी, आणि शांतता. पावसाळ्यात घाटावर उशीला वास न येणं हीच मोठी चैन. कपडे वाळवायची खोली बांधा, बंबाची ऊब फिरवलेली. मी गेलेल्या एकाही महागड्या ठिकाणी ती नव्हती. आम्ही ओले बूट घालून गाडीत बसलो होतो.

जेवण बाहेरून आणू नका. मुळशीचा आंबेमोहोर, नाचणीची भाकरी, कुर्डूची भाजी, शेवळं. शिजत्या आंबेमोहोराचा वास पडवीभर पसरला की दुसरी सजावट लागत नाही.

वेल्हेकर_नाना
शेवळं करणारी मात्र जाणती हवी. खाज मारणारी बोंडगी किंवा काकडं नीट पडली नाहीत तर पाहुण्याचा घसा धरेल.

मुक्कामपोस्ट
नाना, चिंचेनेही काम होतं हो.

वेल्हेकर_नाना
चिंच चालते, पण ती चव नाही.

गवतफूल
शेवळांचा वेगळा धागा काढूया का? मी नक्की येईन :)

चिरेबंदी
तलावाचा हिशेब करूया. पंचवीस बाय आठ मीटर, म्हणजे दोनशे चौरस मीटर. उन्हाळ्यात रोज पाच-सात मिलिमीटर वाफ धरली तरी हजार ते चौदाशे लिटर उडतं. एप्रिलमध्ये, जेव्हा वाडीतल्या बायका झऱ्यावर हंडे लावून बसलेल्या असतात. त्यांच्या डोक्यावर बसून आपण पोहायचं?

उलट हिशेबही आहे. शंभर चौरस मीटर छपरावर एक मीटर पाऊस म्हणजे एक लाख लिटर. तुमच्याकडे पाच मीटर पडतो. पन्हळी लावून जमिनीखाली टाकी बांधली तर बोअर मारायची गरजच नाही. सांडपाण्याचा शोषखड्डा खणू नका. मुरमाखाली कातळ लागतो आणि सगळं खालच्या झऱ्यात निघतं. सेप्टिक टाकीनंतर कर्दळ आणि पाणकणसाचा वाफा करा.

नकाशेवाली
साहित्याबद्दल दोन शब्द. जोत्याला तिथलाच काळा दगड घ्या, पण सड्यावरचा सैल दगड उचलायचा नाही. गवतफूलताईंनी कारण सांगितलंय. पडलेल्या घरांच्या जोत्यांचा दगड विकत मिळतो. भिंती वरून करवीच्या कुडाच्या, माती-शेणाचा लिंपा, पाऊस लागतो तिथे चुन्याचा गिलावा. करवी सात वर्षांनी एकदा फुलते आणि बी टाकून वाळते, तेव्हाच तोडतात, त्यामुळे वाडीत कुणाकडे मोळ्या रचलेल्या असतील तर आत्ताच बोलून ठेवा. बांबू वापरलात तर बोरिक-बोरॅक्सच्या पाण्यात मुरवल्याशिवाय नको, नाहीतर भुंगा सहा महिन्यांत पीठ पाडतो. छपराला मंगलोरी कौलं, उतार तीस अंशांच्या पुढे, कौलाखाली फळ्यांचं अस्तर म्हणजे वाऱ्याने पाणी घुसलं तरी आत थेंब नाही. वळचण चार फूट.

आणि सुतार-गवंडी वाडीतले घ्या. वासा कुठे कुजतो हे त्यांना माहीत असतं.

मावळा_७१
वरच्या प्रतिसादांनंतर माझं मत थोडं सैल झालंय. एकच अट घालतो. त्या खोऱ्यात १९२१ साली मुळशीचा सत्याग्रह झाला. धरणाखाली जाणाऱ्या जमिनींसाठी सेनापती बापटांबरोबर मावळे लढले आणि हरले. पाहुणा ज्या पाण्याकडे बघून चहा पिणार त्याच्या तळाशी गावं आहेत. हे त्याला सांगा. कुंपण घालून वाडीची वाट बंद करू नका.

पौडकर
(तीन आठवड्यांनी येतोय, माफ करा.)

चिरेबंदीकाकांचं ऐकून वहिनी आणि मी जुलैच्या मध्यात दोन रात्री जागेवर राहिलो. जागेची राखण करणारे मामा बरोबर होते. पहिल्या दिवशी कड्याकडे गेलो तर उभं राहता येईना. वहिनींची छत्री उलटी झाली आणि दरीत गेली. पावसाचे थेंब हनुवटीवर खालून लागत होते. वहिनी परत येताना एवढंच म्हणाल्या, “पहिला नकाशा नको.”

दुसऱ्या दिवशी मामांनी काठीने पाणी दाखवलं. सड्यावरून ते तीन वाटांनी उतरतं. मला दोनच दिसत होत्या, तिसरी गवताखालून जाते, पाय ठेवला की कळते. मधे एके ठिकाणी ते थांबले. रान आणि सडा यांच्यामधे, पूर्वेच्या अंगाला आजोबांचा जुना गोठा होता, त्याचं चौथऱ्याचं दगडी काम अजून आहे. त्याच्या दोन्ही बाजूंनी पाणी जातं, चौथरा कोरडा. वर ऐनाची सावली. मागे सडा असल्याने वारा डोक्यावरून निघून जातो. शेजारी दोन पडीक ताली, म्हणजे बांध घातलेले शेताचे टप्पे, आहेत, तिथे माजलेलं गिरिपुष्प सोडून काही नाही. मामा म्हणाले, “तुमच्या आजोबांनी गुरं उगाच हितं नव्हती बांधली.”

गवतफूलताई, सीतेची आसवं दिसली. वहिनी गुडघ्यावर बसून अर्धा तास बघत होत्या.

तर आता आठाच्या सहा खोल्या, गोठ्याच्या चौथऱ्यावर आणि त्या दोन तालींवर. सड्यावर काही नाही. कड्यापर्यंत एकच पाऊलवाट, गुराख्याची आहे तीच. तलाव रद्द.

गवतफूल
डोळ्यांत पाणी आलं. वहिनींना सांगा, पुढच्या जूनमध्ये दीपकाडी दाखवायला मी स्वतः येते.

मैत्रेयी_कोथरूड
सहा खोल्यांमधली पहिली मी आत्ताच धरून ठेवतेय. दरी बघायला चालत जाईन :)

नकाशेवाली
तुमच्या आर्किटेक्टला या धाग्याचा दुवा पाठवा आणि पुढच्या खेपेला जागेवर, मामांबरोबर घेऊन जा. त्या तीन वाटा आधी नकाशावर उतरवू देत, खोल्या नंतर.

पौडकर
हो, ते येत्या रविवारी येतायत. वाटांच्या कडेने चुन्याची फक्की मारून ठेवू का, म्हणजे मोजायला सोपं?

चिरेबंदी
फक्की एका सरीत वाहून जाईल. बांबूच्या खुंट्या ठोका, हातभर उंच, वर लाल चिंधी बांधा, आणि मामांनाच ठोकू द्या. दिवाळीनंतर गवत वाळलं की तिसरी वाट कुणालाच दिसणार नाही.